मशीनचा दोष

“बाकी सगळं लख्ख ऐकू येतं गं पोरी, शेजारणीची कुजबुजसुद्धा. यांचाच आवाज तेवढा फाटका येतो,” कानामागच्या यंत्रावर बोट ठेवत काकू म्हणाल्या.

दवाखान्यातली मशीनवाली मुलगी हसली. तिने यंत्राची वायर कॉम्प्युटरला जोडली. “म्हणून तर बोलावलं, काकू. आधीचा प्रोग्राम नुसतं बोलणं कळावं म्हणून होता. हा नवा खास गाण्यासाठी आहे.”

काकूंनी शेजारी पाहिलं. काका मान खाली घालून बसले होते. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं. आज नको, पुढच्या महिन्यात जाऊ, घाई कसली आहे एवढी?

काकांनी जन्मभर गाणं शिकवलं. काकूंचे कान गेले तेव्हा घर शिष्यांनी भरलेलं असे. पुढे एकेक जण यायचा थांबला. ‘हल्लीची पोरं मोबाइलवर शिकतात,’ असं काकांनी त्यांना कागदावर लिहून दाखवलं होतं. काकूंसाठी मात्र ते रोज संध्याकाळी गायचे. काकू त्यांच्या पाठीवर तळवा ठेवून बसायच्या. हाताला थरथर जाणवायची, बाकीचं गाणं त्या मनातल्या मनात पुरं करायच्या. तोच भरदार, गोड आवाज. या वयात कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनचा घाट घातला तो त्या एका आवाजापायी.

आणि यंत्र बसलं तसं काकांनी गाणंच सोडलं. कधी घसा धरलेला, कधी दमलेले. फार आग्रह केला तर एखादी ओळ म्हणायचे आणि सांगायचे, “आधी तुझं मशीन सुधारू दे.”

“काकांचं जुनं रेकॉर्डिंग आहे का?” मुलीने विचारलं.

“कशाला उगाच?” काका पटकन म्हणाले.

पण काकूंनी मोबाइल काढलाही होता. मुलाने जुन्या कॅसेटवरून त्यात एक गाणं भरून दिलं होतं. मशीन सुधारल्यावरच ऐकायचं, म्हणून त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

गाणं सुरू झालं. स्वच्छ, गोल सूर. तान कुठे अडली नाही, कुठे खरखरली नाही. काकूंच्या डोळ्यांना धार लागली.

“झालं की नाही ठीक!” मुलगी खूश झाली. “काका, आता तुम्ही म्हणा.”

काकांनी घोटभर पाणी घेतलं. सूर लावला. तो मध्येच फाटला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा फाटला. मुलीने नजर कॉम्प्युटरकडे वळवली. काका थांबले आणि चोरी पकडली गेल्यासारखे काकूंकडे पाहत राहिले.

काकूंना सगळं उमगलं. जगात एकाच माणसापुढे काकांना अजून गाता येत होतं, आणि आता तिलाही ऐकू यायला लागलं होतं.

काकूंनी डोळे पुसले. कानामागचं यंत्र काढलं आणि मुलीच्या हातात दिलं.

“तुझा तो गाण्याचा प्रोग्राम काढून टाक गं पोरी,” त्या म्हणाल्या. “यांचा आवाज या मशीनला पेलवत नाही.”