चष्म्यातली तार

विश्वकर्मा पूजेला भिलाईत ज्यानं त्यानं आपलं अवजार देवापुढं ठेवायचं. कॉलेजातल्या नेटवर्क लॅबचे दौलतरावही आपली अवजारांची पेटी पुसूनबिसून घेऊन आले. त्याच पेटीवर वीस वर्षं त्यांनी पोरांना तारा जोडायला शिकवलं होतं. आज विभागप्रमुख झालेल्या अनुजा मॅडम त्यांतल्याच एक.

"काका, यंदा पूजेले नुसते व्हीआरचे चष्मे ठेवू," मॅडम म्हणाल्या. "पोरं आता सारं त्यातच शिकून राहिले. हे पेटी कबाड्याले देऊन टाका."

चष्म्यांना कुंकू लागलं. पेटी कबाड्यानं तराजूत टाकली.

आठ दिवसांनी रायपूरचे साहेब लॅब पाहायला आले. चष्मे घातलेली चाळीस पोरं हवेत बोटं नाचवत तारा जोडत होती. एकाएकी सगळ्यांपुढं अंधार झाला. भिंतीकडची खरी तार उंदरानं कुरतडली होती.

"काका, जोडा ना लवकर!" मॅडम साहेबांकडं बघत म्हणाल्या.

दौलतराव जागचे हलले नाहीत.

"कायनं जोडू, मॅडम? पेटी तर गेली. सकाळपासून पोरांनी चष्म्यात इतक्या तारा जोडल्या, त्यातली एक काढून द्या. लावतो."