रोजचे दोन टक्के

नवा एलईडी दिवा बसवला की उजेड रोज दोनच टक्के वाढवायचा. घाई केली तर मत्स्यालयाच्या टाकीतली प्रवाळं भाजून पांढरी पडतात. ग्रोनिंगेनच्या इस्पितळात पडून असूनही बाबा उजेड मोबाइलवरून स्वतःच वाढवत, पण फेम्केने टाकीचा फोटो पाठवल्याशिवाय कधीच नाही. आज सकाळी दहाला त्यांचं ऑपरेशन होतं. फेम्के टाकीसमोर नुसत्या येरझारा घालत होती. फोटो काढायला तिने मोबाइल उचलला, तोच उजेड आपोआप वाढला. तिने ॲप उघडलं. पुढच्या महिनाभराची वाढ बाबांनी आधीच भरून ठेवली होती. तिने फोन लावला. "हा काय उद्योग, बाबा?" "अगं, तू धांदरट. विसरलीस तर?" "सगळं पुसतेय मी. उद्या फोटो पाठवेन, तो बघून तूच वाढव. नाहीतर मी सरळ शंभरावर नेईन. मग बस माझ्यावर ओरडत."