डेरेकची हद्द

सकाळी बेरिल मागच्या दारी गेली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. खुराड्याखालचा खड्डा आणखी हातभर आत सरकला होता. काल कंबर मोडेस्तोवर रचलेल्या विटा मेल्या कोल्ह्याने एकेक करून बाजूला ढकलल्या होत्या. आत कोपऱ्यात पर्ल अंग फुगवून बसली होती, जिवंत. चार कोंबड्यांतली ती एकटीच उरली होती.

"अरे मुडद्या, अख्खं लंडन पडलंय तुला!" बेरिल कुंपणाकडे बघून ओरडली. "रस्त्यावर कचऱ्याच्या पिशव्या काय कमी आहेत? माझीच कोंबडी हवी?"

करायचं म्हणून काय बाकी ठेवलं होतं तिने? तिखट टाकून झालं. रात्रभर रेडिओ लावून झाला. वासाने कोल्हे बुजतात म्हणून दुकानातून सिंहाच्या विष्ठेच्या गोळ्या आणून पेरल्या, तर कोल्ह्याने त्यांच्यावरच ढुंगण टेकून ऊन खाल्लं. चार खाटा मावतील एवढीशी ती बाग, आणि तेवढ्यात त्याने तिच्या नाकी नऊ आणले होते.

शेजारचा क्लिफ्टन कुंपणावरून डोकावला. तरुणपणी जमैकाहून आला तेव्हापासून तो याच घरात.

"मिसेस हॉब्ज, राग येणार नसेल तर एक सांगू?"

"सांगा. राग यायलासुद्धा त्राण उरलेलं नाही."

"डेरेक रोज संध्याकाळी शेडच्या मागे जायचा."

बेरिल कानापर्यंत लाल झाली. घरात चांगला संडास असताना तिचा नवरा चाळीस वर्षं शेडमागे उभा राहून लघवी करत आला होता. आणि चाळीस वर्षं ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून खेकसत आली होती, "हात धुवूनच आत ये!" मग काहीतरी पुटपुटत तो बागेतला नळ सोडायचा. घरातली गोष्ट घरातच आहे, असं तिला आपलं वाटत होतं.

"अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं," क्लिफ्टन म्हणाला. "पुरुषाच्या लघवीचा वास असला की कोल्हा पाऊल टाकत नाही. इथला कुणीही जुना माळी सांगेल. डेरेकला वृद्धाश्रमात कधी ठेवलंत?"

"फेब्रुवारीत."

"आणि हा कधी आला?"

"मार्चमध्ये," बेरिल म्हणाली, आणि पालथ्या बादलीवर मटकन बसली.

"मीच शेजारधर्म पाळला असता," क्लिफ्टनने घसा खाकरला. "पण माझं हल्ली थेंब थेंब चालतं."

"क्लिफ्टन!"

"बरं, राहिलं."

दुपारी ती बसने वृद्धाश्रमात गेली. डेरेक खिडकीपाशी बसला होता. एखाद्या नवीन नर्सकडे बघावं तसं त्याने बायकोकडे बघितलं. तिने रुमालातलं अंडं त्याच्या तळव्यावर ठेवलं, तेव्हा कुठे त्याचा चेहरा उजळला.

"पर्लचं?"

"पर्लचंच."

"बरी आहे ना ती?"

"मजेत आहे."

एवढंच उरलं होतं त्याच्यात. बायकोचं नाव गेलं, मुलीचं गेलं, पर्लचं तेवढं राहिलं. मध्ये एकदा पर्लने अंडं दिलं नाही म्हणून बेरिलने दुकानातलं आणलं होतं. त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं, कवचावरचा दुकानी लाल शिक्का दिसल्यावर टेबलावर ठेवून दिलं आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पर्ल गेली की तोही हातचा गेला, हे बेरिलला लख्ख दिसत होतं.

डेरेकचं सगळं करणाऱ्या एफुआला तिने दाराआड ओढलं. "मला त्याची लघवी हवी. बाटलीभर."

"डॉक्टरांनी मागितलीय, आंटी?"

"कोल्ह्याने," बेरिल म्हणाली. "हसू नकोस गं. लाज घरी ठेवून आलेय मी." आणि तिथेच, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, तिने खड्ड्याचं, विटांचं, पर्लचं सगळं सांगून टाकलं.

एफुआ हसली नाही. "असं काही बाहेर द्यायची आमच्याकडे परवानगी नाही," ती हळूच म्हणाली. "पण त्यांचं भांडं रिकामं करायला तुम्हीच नेलंत, तर मी कुठे बघायला येतेय?"

सरबताची रिकामी बाटली बेरिल घरून घेऊनच आली होती. परतीच्या बसमध्ये तिने ती स्कार्फात गुंडाळून मांडीवर धरली. बाटली अजून कोमट होती. तिने तिच्यावर दुसराही हात ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

ती घरी पोचली तेव्हा बागेत ऊन होतं आणि कोल्हा शेडच्या छपरावर पाय पसरून पडला होता. तिला बघून उठलासुद्धा नाही. बेरिलने झाकण काढलं. शेडमागे, कुंपणाच्या कडेने, मग खुराड्याभोवती ती पुरवून पुरवून ओतत गेली. शेवटचे थेंब तिने त्या खड्ड्यात झटकले.

"हा डेरेक आहे," ती छपराकडे बघून म्हणाली. "कळलं ना? कुठे गेलेला नाही तो."

कोल्ह्याने नाक वर केलं, जरा वेळ हवा हुंगली. मग अंग झटकून पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला. तिथून मात्र हलला नाही.

बेरिल आत आली. चहासाठी तिने किटली लावली. सवयीने खिडकीतून शेडकडे बघितलं आणि तोंडून निघूनच गेलं, "डेरेक, हात धुवूनच आत ये!"

मग तिने उकळायला आलेली किटली बंद केली आणि नळाच्या आवाजाकडे कान लावून उभी राहिली.