लग्नातला क्रिस

सासऱ्याकडून जावयाकडे, असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नागमोडी क्रिस-खंजीर. जावामध्ये क्रिस धुतात तो सुरो महिना लागला म्हणून तिक्नोने तो हौसेने घरीच उजळला, आणि विटेच्या भुकटीने घासता घासता पात्यावरची नक्षीच घालवून बसला.

"वाचवा, आजोबा! उद्या सासरे बघायला येतायत."

पोनिमानआजोबा वर्षानुवर्षं क्रिस धुणारे. "घाबरतोस काय? घडणीतली नक्षी लिंबाच्या रसाने परत उमटते." त्यांनी रस चोळला. काहीच उमटलं नाही.

मग त्यांनी बायकोचं बाटिकचं मेण वितळवलं आणि पात्यावर सरासर वेलबुट्टी काढली. मेणाबाहेर उघडं राहिलेलं लोखंड आता तेजाबात झिजणार होतं आणि वेलबुट्टी उठून दिसणार होती.

"थांबा, जुन्या नक्षीचा फोटो दाखवतो!"

"कशाला? मागच्या खेपेलाही ही नक्षी मीच काढली होती. तुझा सासरा तेव्हा नवा जावई होता. असाच रडकुंडीला आला होता."