वावरातला अल्बम

अल्बम मधेच थांबला, तेव्हा आशाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आज लाईट लवकर गेली म्हणायची. त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. जानराव आता हातातलं काम उरकून घरी येतील, याचं त्यांना बरंच वाटलं.

नाल्यापलीकडच्या संत्र्याच्या बागेतून हा दणदणाट दिवाळीपासून चालला होता. इंग्रजी गाणी, एका जुन्या विलायती बँडची. अंकुरनंच पेनड्राइव्हवर भरून दिली होती. "बाबा, या अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्यात," असं तो मोठ्या कौतुकानं म्हणाला, तर जानराव म्हणाले, "लोकं पैसे देऊन आयकतात? आपल्याकडं वांदरं आयकून पळतात." आणि पळालीही. गायकानं पहिली किंकाळी फोडली की वानरांची अख्खी टोळी नाल्यापार.

रानडुकरांना मात्र संगीताचं वावडं नव्हतं. मग जानरावांनी कुंपणाच्या तारेत लाईन सोडली. आशाबाई खूप भांडल्या, अबोला धरला, पण जानराव ऐकतील तर शपथ. शेतीच्या लाईटचा काही नेम नाही, म्हणून त्यांनी मोटर, गाण्यांचा भोंगा आणि तार एकाच ऑटो स्विचवर जोडली. लाईट आली की तिन्ही आपोआप सुरू. गवत कापायला येणाऱ्या बायांनाही बजावून ठेवलं होतं, "बाजा वाजून राहिला तोवर तारेले हात लावू नका. बाजा बंद झाला, की समजा तार मेली."

आज खालच्या कोपऱ्यातली तार सैल झाली होती. ओलित चालू असल्यानं मोटर बंद करणं जानरावांच्या जिवावर आलं होतं. लाईट गेल्यावर तार ओढून घेतो, असं सांगून ते सकाळीच पक्कड घेऊन गेले होते.

आधणाला उकळी फुटली तोच अंकुरची गाडी अंगणात शिरली. अमरावतीला राजापेठेत त्याचे क्लास होते. दिवाळीनंतर तो आजच येत होता.

"आधी वावरात जाऊन आलो," तो म्हणाला. "आई, लोक डोळे मिटून ऐकतात गं हे, आणि बाबांनी भोंग्याले लावून ठेवलं! पार वाट लावली."

"बरं झालं आता बंद झालं. लाईट गेली नं?"

"लाईट कुठं गेली? मोटर सुरू आहे." त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढून हसत तिच्यासमोर धरला. "हा मीच काढून आणला."

आशाबाई गाळणी टाकून पुढं आल्या.

"तुहे बाबा कुठं होते?"

"खालच्या कोपऱ्यात. दुरूनच हात केला मी. मले पाहिलं का नाही, काय माहीत. झाडाखाली बसले होते, गाणं बंद झालं तसे उठले." तो गोंधळून आईकडे पाहू लागला. "काहून? काय झालं?"

"पक्कड होती हातात?"

"होती बहुतेक. आई, झालं काय?"

त्यांनी सांगितलं. तारेतली लाईन, बाजा बंद म्हणजे तार मेली, सगळं. अंकुरनं बाबांना फोन लावला. आत खुंटीवर टांगलेल्या जानरावांच्या सदऱ्यात तो वाजू लागला.

आशाबाई चप्पल न घालताच गाडीवर मागे बसल्या. वाटेत अंकुर काहीतरी बडबडत होता, मले कोणी सांगितलं नाही, मले काय माहीत. त्यांना ते ऐकू येत होतं आणि ऐकायचं नव्हतं. त्यांना ऐकायचा होता तो दणदणाट. कधी नव्हे ते त्यांना वाटलं, वाजू दे, एकदा तरी वाजू दे.

बागेशी आल्यावर अंकुरनं गाडी तशीच आडवी टाकली. "तारेले हात लावू नको!" आशाबाई ओरडल्या. तो मोटरच्या खोलीकडे धावला आणि त्यानं बटन पाडलं. मोटरची घरघर थांबली. पाटातलं पाणी तेवढं थोडा वेळ वाहत राहिलं.

"बाबा!" अंकुरनं हाक मारली. मग आणखी जोरात, आवाज फाटेपर्यंत, "बाबा!"

खालच्या कोपऱ्यात, तारेशी पडलेल्या पक्कडीजवळ, वानरांची टोळी संत्र्याच्या झाडांवरून खाली उतरली होती. तिनं एकदा मान वर करून हाकेच्या दिशेनं पाहिलं, आणि पुन्हा निवांत संत्री सोलायला घेतली.