घोरणाऱ्या काकांसह

"गादी कशी आहे बघतो," म्हणून हेरंबकाका शोरूममधल्या कॅम्परव्हॅनमध्ये आडवे झाले आणि घोरू लागले. गादी टोचते म्हणून त्यांनी आजवर प्रत्येक गाडी नाकारली होती, आणि त्यापायी बायकोचं, नलूकाकूंचं, भटकणं राहून गेलं होतं.

"काकू, यांना उठवा ना. दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी चालवून बघायचीय," विक्रेता काकुळतीने म्हणाला.

"किती दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा! चालवा की, पण हळू." असं म्हणून काकू स्वतःच पुढच्या सीटवर चढून बसल्या.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं आणि शोरूम डोक्यावर घेणारी त्यांची तान्ही मुलगी. गाडी सुरू झाल्यावर ती आणखीच किंचाळली. तेवढ्यात मागून काकांच्या घोरण्याने लय धरली. मुलगी दचकली, ऐकत राहिली आणि चक्क झोपली.

गाडी थांबवायचा कुणालाच धीर होईना. शहर मागे पडलं. घाट लागला तरी मुलगी उठली नाही, तेव्हा कित्येक रात्री जागलेल्या तिच्या आईचे डोळे भरून आले.

"गाडी घेतो आम्ही," स्टिअरिंगवरचा बाप मागे बसलेल्या विक्रेत्याला हळूच म्हणाला, "पण काका सोबत मिळतील का?"

विक्रेत्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी काच खाली केली, वारा तोंडावर घेतला.

"मिळतील," त्या म्हणाल्या. "पण खिडकीची जागा माझी."