जांभळा अंगठा

"आईने तक्रार मागे घेतलीय, साहेब," म्हणत मुलाने प्रांतसाहेबांपुढे कागद सरकवला.

कागदाच्या शेवटी जांभळा अंगठा होता. तो पाहून कुमुदबाईंना परवा सकाळी आपल्या बोटाला लागलेल्या शाईचा उलगडा झाला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराने खोलीत कोंडलं, दोन दोन दिवस उपाशी ठेवलं, ते सगळं त्यांनी तक्रारीत लिहिलं होतं. पण अंगठा? वीस वर्षं साक्षरता वर्गात बायकांचे हात धरून त्यांनी प्रत्येकीला अंगठ्याऐवजी सही करायला शिकवलं होतं.

"आजी, हा अंगठा तुमचाच ना?" साहेबांनी विचारलं.

"अंगठा माझाच. झोपेची गोळी देऊन यानं उठवलेला. माझी तक्रार काढा, तिच्यावर सही आहे. बघा, हात कुठे थरथरलाय का."

मुलगा कानाशी लागला, "आई, घरी जाऊन बोलू."

"घर माझ्या नावावर आहे," त्या साहेबांकडे पाहतच म्हणाल्या. "ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात याला तिथून बाहेर काढता येतं ना? मग तसा अर्ज द्या. सही मी करते."